‘दुर्मिळातील दुर्मिळ’ या निकषाची चिकित्सा : महाराष्ट्रातील काही निकालपत्रांच्या आधारे

प्रस्तावना

फाशीची शिक्षा असावी की नसावी, हा वाद मराठी समाजाला नवा नाही. एखाद्या निर्घृण गुन्ह्याची बातमी आली की तो उफाळून येतो, मोर्चे निघतात, आरोपींना भर चौकात फाशी द्या अशा मागण्या होतात आणि सत्र न्यायालयाचा निकाल लागला की पेढे वाटले जातात. त्यानंतर त्या खटल्याचे काय झाले, याकडे क्वचितच कोणाचे लक्ष असते. वादाच्या एका बाजूने गुन्ह्याचे क्रौर्य मांडले जाते, दुसऱ्या बाजूने मानवी जीविताचे मूल्य. दोन्ही बाजू बहुधा तत्त्वाच्या पातळीवरच थांबतात. प्रत्यक्षात मात्र फाशी दिली जाते ती निकालपत्राने. निकालपत्र हा लिखित दस्तऐवज असतो. त्यात युक्तिवाद असतो, त्या युक्तिवादाला स्वतःची भाषा असते आणि कोणत्याही संहितेची करावी तशी तिची चिकित्सा करता येते.

प्रस्तुत लेखात भारतीय न्यायव्यवस्थेने स्वीकारलेल्या ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ या निकषाची अशी चिकित्सा केली आहे. त्यासाठी प्रामुख्याने महाराष्ट्रातील खटले निवडले आहेत. कारण या निकषाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही या राज्यातील निकालपत्रांत जितकी उघड दिसतात, तितकी अन्यत्र क्वचित दिसतात.

निकष कसा घडला

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार खुनाच्या गुन्ह्यात फाशी हा नियम होता आणि जन्मठेप हा अपवाद. फाशी न देण्याची कारणे न्यायाधीशास नोंदवावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली. १९७३ च्या नव्या संहितेने पारडे पूर्णपणे फिरवले. तिच्या कलम ३५४ (३) नुसार फाशी द्यावयाची असल्यास विशेष कारणे देणे बंधनकारक झाले, तर कलम २३५ (२) नुसार शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घेणे आवश्यक ठरले. पाऊण शतकाच्या या प्रवासात विधिमंडळाचा कल कोणत्या दिशेने होता, हे स्पष्ट आहे. गुन्ह्यावरून नजर हळूहळू गुन्हेगाराकडे वळत होती.

या संदर्भात संविधान सभेतील एका प्रसंगाचे स्मरण उचित ठरेल. ३ जून १९४९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलाच्या अधिकारावर चर्चा सुरू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी फाशीची शिक्षाच रद्द करण्यास आपला अधिक पाठिंबा राहील, असे मत मांडले. त्यांच्या प्रतिपादनाचा आधार या देशाची अहिंसेवरील नैतिक श्रद्धा हा होता. फाशीच्या चर्चेत हा दाखला वारंवार दिला जातो. परंतु तो अपिलाच्या चर्चेच्या ओघात आला होता, हे सहसा सांगितले जात नाही. ज्याला फाशी झाली आहे त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचा हक्क असावा की नाही, हा त्या वेळचा प्रश्न होता. चूक दुरुस्त करण्याची वाट किती रुंद असावी, या विचारातून ते मत पुढे आले.

‘बच्चन सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ (१९८०) या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मताने फाशीची घटनात्मक वैधता मान्य केली. मात्र त्याचबरोबर तिच्यावर मोठे बंधन घातले. जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे संपुष्टात आलेला असेल अशा दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच फाशी द्यावी, असे सूत्र या निकालाने दिले. या सूत्राचे पहिले अर्धे वाक्य सर्वांच्या तोंडी झाले. दुसरे अर्धे, म्हणजे पर्याय संपुष्टात येण्याची अट, निकालपत्रांतूनही बरेचदा गळून पडली. घटनापीठाने गुन्हा आणि गुन्हेगार या दोहोंचा विचार करण्यास सांगितले होते. आरोपी सुधारण्यापलीकडे गेला आहे आणि समाजाला त्याचा धोका कायम राहील, हे पुराव्यानिशी दाखवण्याची जबाबदारीही सरकार पक्षावर टाकली होती. हा भार लक्षात घेतला तर सदर निकाल वाटतो त्याहून बराच कडक आहे.

न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी या निकालाशी असहमती दर्शवली. त्यांच्या भिन्नमताची सविस्तर कारणे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. फाशी कोणाला होते हे न्यायपीठाच्या रचनेवर अवलंबून राहते आणि म्हणून ती मनमानी ठरते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्याच वर्षी निकाली निघालेला ‘हरबन्स सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ हा खटला या आक्षेपाला जणू पुरावा म्हणून उभा राहिला. एकाच गुन्ह्यात समान सहभाग असलेल्या तिघांना फाशी सुनावली गेली होती. तिघांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या पीठांसमोर गेली. एकाची शिक्षा कमी झाली. एकास १९८१ मध्ये फाशी देण्यात आली. तिसऱ्याची फाशी ऐन वेळी थांबली व त्याची शिक्षा सौम्य व्हावी अशी शिफारस न्यायालयालाच करावी लागली.

निकषाला वळण दिले ते ‘मच्छी सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ (१९८३) या निकालाने. एका वैरातून पाच गावांत सतरा माणसे मारली गेल्याचे हे प्रकरण. न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी लिहिलेल्या या निकालपत्रात समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी हादरून गेली असता न्यायसत्तेकडून फाशीची अपेक्षा केली जाते, असा विचार मांडला गेला आणि अशा गुन्ह्यांचे पाच वर्ग सांगितले गेले. हे पाचही वर्ग गुन्ह्याचे आहेत: हत्येची पद्धत, हेतू, सामाजिक स्वरूप, व्याप्ती आणि बळी पडलेल्याचे वय वा असहायता. गुन्हेगाराविषयीचे प्रश्न या निकालाने नाकारले नाहीत, तरी पुढील न्यायपीठांच्या हाती उरली ती ही यादीच. येथे एक मूलभूत शंका उपस्थित होते. सामूहिक सदसद्विवेकबुद्धी कशी मोजावयाची? वृत्तपत्रांच्या मथळ्यांवरून, मोर्चाच्या लांबीवरून, की न्यायाधीशाच्या स्वतःच्या अस्वस्थतेवरून? साक्षीपुराव्याच्या कायद्यात तिला कोठेही स्थान नाही. तिची उलटतपासणी घेता येत नाही. अशी साक्ष आरोपीच्या जिवावर बेतत असेल तर तिची भाषा कितीही उदात्त असो, कायद्याच्या दृष्टीने ती पुराव्याविना आलेली साक्षच होय.

तेरा दिवसांच्या अंतरातील दोन निकाल

१९९५ च्या अखेरीस राजस्थानातील ‘रावजी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य पाहावयाचे, गुन्हेगाराचे नव्हे, असे या निकालाने म्हटले. घटनापीठाच्या सूत्राशी हे विधान उघडपणे विसंगत होते. त्या प्रकरणातील कैद्यास १९९६ मध्ये फाशीही झाली. तरीही पुढे अनेक वर्षे निरनिराळी पीठे हेच विधान आधार म्हणून घेत राहिली. दोन वा तीन न्यायमूर्तींचे पीठ घटनापीठाचा निकाल बदलू शकत नाही, ही विधी महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेली गोष्ट येथे विसरली गेली.

‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला याच मालिकेतील होय. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका बागेतील झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांची हत्या झाली. घरातील आई व मुलगी यांच्यावर अत्याचार झाले. आई आणि एक मुलगा एवढेच वाचले. गुन्ह्याचे क्रौर्य इतके होते की त्याविषयी दुमत संभवत नाही. भटक्या जमातीतील सहा मजुरांवर खटला चालला. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली व तिघांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची अपिले फेटाळली, राज्य शासनाचे अपील मान्य केले आणि उर्वरित तिघांनाही पुन्हा फाशी दिली.

यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने महाराष्ट्रातीलच दुसऱ्या खटल्यात वेगळा निकाल दिला. ‘संतोषकुमार बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खंडणीसाठी अपहरण करून खून केल्याचा खटला होता. न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा यांनी लिहिलेल्या या निकालपत्रात ‘रावजी’ निकाल घटनापीठाच्या बंधनकारक निर्णयाकडे दुर्लक्ष करून दिला गेला असल्याचे आणि म्हणून तो पूर्वदाखला म्हणून वापरता येणार नसल्याचे स्पष्ट केले गेले. त्यावर विसंबून दिलेल्या अन्य निकालांचाही त्यात उल्लेख आहे. आरोपीची फाशी रद्द झाली.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक आहे. पहिल्यात शिक्षेच्या चर्चेची सारी शक्ती गुन्ह्याच्या वर्णनात खर्च होते. सहा आरोपी सहा स्वतंत्र माणसे म्हणून दृष्टीस पडत नाहीत. कोणाचे वय काय, कोण कोठून आला, कोणामध्ये सुधारणेची शक्यता आहे, यांपैकी कशाचाही शोध घेण्याची गरज त्या सूत्राला उरत नाही. यांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे निष्पन्न झाले. ज्याचे वय कायद्याने फाशीच्या कक्षेबाहेरचे होते, त्याची फाशी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने कायम केली होती. दुसऱ्या निकालात नजर माणसावर आहे. आरोपींविषयी पुरावा पुढे आणण्याचा भार सरकार पक्षावर आहे. दोन्ही निकाल एकाच इमारतीत, एकाच पंधरवड्यात लिहिले गेले. कोणाचे प्रकरण कोणत्या दालनात लागले, यावर जीव जाणे-राहणे ठरले. न्यायमूर्ती भगवतींच्या भिन्नमताला एकोणतीस वर्षांनंतर याहून नेमका दाखला मिळणे कठीण.

२०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, ‘रावजी’च्या सदोष आधारावर ज्यांना फाशी झाली आहे अशा कैद्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलावी, अशी विनंती केली. न्यायालयीन चुकीच्या दुरुस्तीसाठी न्यायाधीशांनाच कार्यपालिकेच्या दयेकडे धाव घ्यावी लागली.

२०१९ चे निकालपत्र

‘अंकुश मारुती शिंदे’ प्रकरणाची पुनर्विलोकन याचिका आधी फेटाळली गेली होती. मात्र फाशीच्या प्रकरणातील पुनर्विलोकन याचिकेवर खुल्या न्यायालयात तोंडी सुनावणी झालीच पाहिजे, असा निर्णय घटनापीठाने २०१४ मध्ये ‘मोहम्मद आरिफ’ प्रकरणात दिला. त्यामुळे हे प्रकरण पुन्हा उघडले. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले.

या निकालातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग शिक्षेसंबंधी नाही, पुराव्यासंबंधी आहे. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांमधून चौघांना ओळखले होते. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर तसा जबाबही झाला होता. हे चौघे म्हणजे खटला चाललेल्या सहांपैकी कोणी नव्हेत. त्यांच्याविरुद्ध तपास झाला नाही, आणि ही ओळख खटल्यात सरकार पक्षाने न्यायालयापुढे आणली नाही. पुढे त्याच स्त्रीने न्यायालयात सहा आरोपींना ओळखल्याचे सांगितले व त्या साक्षीवर तीन न्यायालयांनी विश्वास ठेवला. तिच्या साक्षीतील विसंगतीचा दोष तिच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. डोळ्यांदेखत कुटुंब गमावलेल्या, स्वतः मरणाच्या दारातून परतलेल्या बाईने तपास अधिकाऱ्यांनी पुढे केलेल्या चेहऱ्यांवर भरवसा ठेवला, तर त्यात नवल नाही. प्रश्न यंत्रणेच्या प्रामाणिकपणाचा आहे.

आरोपी भटक्या जमातींतील, समाजाच्या तळच्या थरातील आणि अत्यंत गरीब मजूर असल्याची नोंद निकालपत्रात आहे आणि त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही असेही त्यात म्हटले आहे. ब्रिटिश राजवटीत १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरील तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून निघाला. पोलीस ठाण्यातील संशयाच्या सवयीतून तो किती निघाला, हे या खटल्याच्या कागदपत्रांतून समजते. राष्ट्रीय विधी विद्यापीठ, दिल्ली यांच्या २०१६ च्या अहवालात फाशी झालेल्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि ७६ टक्के मागासवर्गीय व धार्मिक अल्पसंख्याक समाजांतील असल्याचे आढळले होते. त्या टक्केवारीच्या मागे काय असते, ते येथे दिसते.

न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. ओळखल्या गेलेल्या चौघांविषयी पुढील तपास करण्यास आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले. मुक्ततेचा निर्णय धाडसी होता, यात संशय नाही. तथापि या निकालपत्राचीही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. त्याचा सारा रोख तपास यंत्रणेवर आणि सरकार पक्षावर आहे. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि खुद्द सर्वोच्च न्यायालय अशा तीन पायऱ्यांवर हा पुरावा तपासला गेला असताना तो कोणाच्याच हाती कसा लागला नाही, तीन जणांची जन्मठेप फाशीत बदलण्याइतकी खात्री २००९ मध्ये कोठून आली, या प्रश्नांची तड हे निकालपत्र लावत नाही. पोलिसांच्या चुकीसाठी पाच लाख ठरले. न्यायालयाच्या चुकीचा हिशोब मांडलाच गेला नाही. आणि त्या झोपडीतून वाचलेल्या आई-मुलाच्या पदरात सोळा वर्षांनंतर काय पडले? त्यांच्या माणसांना मारणारे कोण, हे त्यांना न्यायालयाकडून समजलेच नाही. निर्दोष माणसाला झालेली फाशी ही बळी पडलेल्यांच्याही हक्कावर घाला घालते, हा मुद्दा फाशीच्या समर्थकांनी व विरोधकांनी सारखाच दुर्लक्षित केला आहे.

वयाचा प्रश्न

दुसरा खटला पुण्यातील. ऑगस्ट १९९४ मध्ये एका कुटुंबातील सात जणांची हत्या झाली. मृतांत एक गर्भवती स्त्री आणि लहान मुले होती. ‘नारायण चेतनराम चौधरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले आणि सप्टेंबर २००० मध्ये फाशी कायम झाली. या प्रकरणात गुन्ह्यातील सहभाग शाबित झाला होता. वर चर्चिलेल्या खटल्यापेक्षा हा मुळातच निराळा. २७ मार्च २०२३ रोजी मात्र राजस्थानातील शाळेच्या दाखल्याच्या आधारे न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी आरोपी सुमारे साडेबारा वर्षांचा होता. तोवर त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात घालवला होता, त्यातील मोठा भाग फाशीच्या छायेत. बाल न्याय कायद्यानुसार त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते.

या निकालाने अनेकांना अस्वस्थ केले आणि ते स्वाभाविक आहे. साडेबारा वर्षांचा मुलगा अशा हत्याकांडात असू शकतो का, अशी शंकाही व्यक्त झाली. परंतु चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, आरोपीचे वय किती, हा साधा प्रश्न शिक्षा सुनावताना नीट विचारला गेला नाही. शिक्षेच्या सुनावणीत वय, शिक्षण, घरची स्थिती, मानसिक आरोग्य यांविषयी पुरावा घेतला पाहिजे, हे कलम २३५ (२) चे प्रयोजन. दोष सिद्ध झाल्याच्या दिवशीच, फार तर एखाद्या दिवसाच्या अंतराने, वकिलाने तरुण वय व वृद्ध आई-वडील अशी दोन कारणे तोंडी सांगावीत आणि न्यायाधीशांनी ती नोंदवून बाजूला सारावीत, अशी या सुनावणीची गत होत आली. माणसाच्या आयुष्याचा विचार अर्ध्या पानात आटोपला जातो.

प्रतीक्षेची शिक्षा

महाराष्ट्रात फाशीची व्यवस्था येरवडा आणि नागपूर या दोन कारागृहांत आहे. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात आणि ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात फाशीची अंमलबजावणी झाली. दोन्ही प्रकरणे मुंबईवरील हल्ल्यांची होती. अन्य कैद्यांच्या वाट्याला आली ती प्रतीक्षा. दयेच्या अर्जावरील अवाजवी विलंब हे फाशी रद्द करण्याचे पुरेसे कारण आहे, असा निर्णय ‘शत्रुघ्न चौहान’ प्रकरणात जानेवारी २०१४ मध्ये झाला. त्यानंतर महाराष्ट्रातील दोन प्रकरणे या कसोटीवर उतरली.

कोल्हापूर येथे चाललेल्या बालकांच्या अपहरण व हत्यांच्या खटल्यातील दोन बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली होती. दयेचा अर्ज निकाली काढण्यास सात वर्षे दहा महिने लागले. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. दुसरे प्रकरण पुण्यातील. २००७ मध्ये एका तरुण कर्मचारी स्त्रीवर कंपनीच्या वाहनातूनच नेऊन अत्याचार झाला व तिचा खून झाला. २०१५ मध्ये फाशी कायम झाली. २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला. त्यानंतर अंमलबजावणीचा आदेश निघण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली आणि जून २०१९ ची तारीख ठरली. २९ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालयाने विलंबाच्या कारणावरून फाशीऐवजी ३५ वर्षांची कैद दिली. सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय कायम ठेवला आणि दयेचे अर्ज वेळेत पुढे जावेत यासाठी राज्यांनी स्वतंत्र कक्ष स्थापन करावेत, असे निर्देश दिले.

या दोन्ही प्रकरणांत गुन्ह्याविषयी, आरोपींच्या सहभागाविषयी शंका नव्हती. शिक्षा बदलली ती मंत्रालयातील टेबलांवर पडून राहिलेल्या कागदांमुळे. येथे फाशीच्या समर्थकांचा संताप समजण्यासारखा आहे. बळी पडलेल्या स्त्रीच्या कुटुंबाला व्यवस्थेने एका शिक्षेचे वचन दिले, बारा वर्षे त्यांना न्यायालयात खेपा घालायला लावल्या आणि अखेर कारकुनी दिरंगाईचे कारण सांगून ते वचन मागे घेतले. तुरुंगाच्या भिंतीपलीकडे त्याच दिरंगाईने कैद्याला दररोज पहाटे मरणाची चाहूल दिली. राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्याच २०२१ च्या अभ्यासात तपासलेल्या फाशीच्या कैद्यांपैकी ६२.२ टक्के जणांना किमान एक मानसिक आजार असल्याचे दिसून आले. फाशी ही एका क्षणाची शिक्षा आहे, असे समजून चाललेला वाद वस्तुस्थितीपासून फार दूर आहे. २०२३ च्या अखेरीस देशात ५६१ कैदी या प्रतीक्षेत होते. त्या वर्षी सत्र न्यायालयांनी १२० जणांना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने एकही कायम केली नाही.

लोकक्षोभ आणि विधिमंडळ

जरबेच्या युक्तिवादाविषयी थोडक्यात लिहिणे पुरे. फाशीमुळे खुनांचे प्रमाण घटते वा वाढते, याविषयीच्या संशोधनातून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये म्हटले. भारतीय विधी आयोगाने १९६७ च्या पस्तिसाव्या अहवालात फाशी टिकवण्याची शिफारस केली होती. न्यायमूर्ती ए. पी. शाह यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता ती रद्द करावी, असे सुचवले.

विधिमंडळांची वाटचाल मात्र उलट दिशेने झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये ‘शक्ती’ विधेयक संमत केले व बलात्काराच्या काही गुन्ह्यांत फाशीची तरतूद केली. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. योगायोग असा की, त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २५ नोव्हेंबर २०२१ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने शक्ती मिल प्रकरणातील तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती. लोकक्षोभ हा शिक्षेचा आधार होऊ शकत नाही, अशी स्पष्ट भूमिका त्या निकालपत्राने घेतली. आरोपींनी आयुष्यभर पश्चात्ताप करीत राहावे, असेही म्हटले. त्यांतील दुसऱ्या विधानात सूडाची छटा उरलीच आहे, असा आक्षेप घेता येईल. तरी ‘मच्छी सिंग’च्या सामूहिक सदसद्विवेकबुद्धीला मुंबईच्या न्यायपीठाने दिलेले ते उत्तर होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फाशीस पात्र गुन्ह्यांची संख्या पूर्वीपेक्षा वाढली आहे.

निकषाची पुनर्मांडणी

२० मे २०२२ रोजी ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या निकालाने सत्र न्यायालयातच आरोपीचा मानसिक अहवाल, कारागृहातील वर्तन, कौटुंबिक व सामाजिक पार्श्वभूमी यांविषयीची माहिती मागवणे आवश्यक केले. बच्चन सिंग निकालात असलेली परंतु बेचाळीस वर्षे कागदावर राहिलेली अट त्यामुळे प्रत्यक्षात आली. सप्टेंबर २०२२ मध्ये शिक्षेच्या सुनावणीसंबंधीचा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

२५ ऑगस्ट २०२५ रोजी नागपूरच्या एका प्रकरणात, ‘वसंता संपत दुपारे विरुद्ध भारत संघ’ या निकालाने, याहून पुढचे पाऊल उचलले. चार वर्षांच्या बालिकेवरील अत्याचार व खून या गुन्ह्यातील फाशी सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच कायम केली होती, पुनर्विलोकन याचिका फेटाळली होती, दयेचा अर्जही नामंजूर झाला होता. तरीही २०२२ चे निकष पाळले गेले नसल्यास संविधानाच्या अनुच्छेद ३२ खाली शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडता येईल, असे न्यायालयाने ठरवले. दोषसिद्धी कायम राहिली. शिक्षा रद्द करून तिच्यापुरती नवी सुनावणी व्हावी, असा आदेश झाला. अंतिमतेचे तत्त्व यामुळे दुबळे होते, ही टीका रास्त आहे. खटला कधीतरी संपला पाहिजे, ही बळी पडलेल्यांच्या कुटुंबाचीही गरज असते. पण ती टीका न्यायालयाच्या दारापेक्षा मूळ खटल्याच्या दर्जाकडे वळवली तर अधिक उपयुक्त ठरेल. पहिल्याच पायरीवर वय, ओळख, मानसिक स्थिती यांची चौकशी झाली असती, तर वीस-पंचवीस वर्षांनंतर दार ठोठावण्याची वेळ आली नसती.

न्यायालय हे दार उघडत असताना नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७२ दुसऱ्या बाजूने ते लोटू पाहते. दयेच्या अर्जासाठी तीस दिवसांची मुदत या कलमाने घातली आहे. राष्ट्रपती वा राज्यपाल यांच्या निर्णयाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात अपील चालणार नाही आणि तो निर्णय कसा झाला याची चौकशी न्यायालय करणार नाही, असेही त्यात नमूद आहे. या शब्दांचा अक्षरशः अर्थ लावला, तर कोल्हापूर व पुणे येथील प्रकरणांत उच्च न्यायालयाने ज्या आधारे हस्तक्षेप केला, तो आधार उरतो की नाही, हा पहिला वादाचा मुद्दा ठरेल. उच्च न्यायालयांचे अनुच्छेद २२६ खालील अधिकार साध्या कायद्याने काढून घेता येत नाहीत, ही संविधानाची स्थिती त्या वादात निर्णायक ठरावी.